डाव्या गालावरचा पदर

डोणगावच्या बाजारात माझ्याइतकी बैलांची तोंडं कोणी पाहिली नसतील. फुशारकी म्हणून सांगत नाही, माझे फुशारकीचे दिवस केव्हाच संपले. पण बैल घ्यायचा असला की मेहकरपासून साखरखेर्ड्यापर्यंतचे लोक म्हणायचे, आधी इंद्रभानला दाखवा. मी डाव्या हाताने बैलाच्या नाकपुड्या धरायचो, उजव्याने खालचा ओठ उलटायचो आणि एका नजरेत वय सांगायचो, दोन दाती आहे, चार दाती आहे, सहा दाती आहे, की सगळे दात जुळलेला आहे. दात घासून म्हातारा बैल तरुण करणारे व्यापारी मला लांबून पाहिलं तरी जनावर घेऊन दुसऱ्या झाडाखाली जायचे. जबड्यावरून बोट फिरवलं की आतली दुखरी दाढ मला कळायची. अशा माणसाच्या घरात त्याची बायको तीन वर्षं जबड्यात गाठ घेऊन वावरली आणि त्याला पत्ता नव्हता.

तिचं नाव सत्यभामा. माहेर बीबी गावचं. लग्न झालं तेव्हा ती सतराची होती म्हणे. म्हणे अशासाठी की हे मला फार पुढे, नागपूरला कळलं. आमचे बाबा, रंगराव, दिवसभर ओसरीवर तंबाखू मळत बसलेले असायचे, त्यामुळे सुनेच्या डोक्यावरचा पदर सकाळपासून निजेपर्यंत ढळायचा नाही. जेवायची ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीजवळ, दाराकडे पाठ करून. खोलीत यायची ती दिवा मालवून. आमच्याकडे सगळ्यांच्याच घरात असं होतं, म्हणून मलाही त्यात काही खटकलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीची गोष्ट. मी नवी जोडी आणली होती आणि तिला गाडीची सवय लावत होतो. सत्यभामा शेतात पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठेवला आणि उभी राहिली. एरवी ती लगेच फिरायची.

"खालची दाढ हालून राह्यली," ती म्हणाली. "अन् इथं फुगल्यावानी वाटते."

"दुखते का?"

"दुखत तं नाही."

"मंग अक्कलदाढ येत असन," मी म्हणालो. बोलताना माझे डोळे बैलाच्या खांद्यावर होते. जू घासून तिथे लाल झालं होतं, त्याला काय लावावं ते मनात चाललं होतं. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. त्या दिवशी तिच्या जबड्यात गाठ होती ती बोराएवढी असेल. मान वर करायला मला किती कष्ट पडले असते?

मग तिने ते माझ्या मायला दाखवलं. गोजरबाईने आयुष्यभर गावातल्या बायांच्या दुखण्यांना लेप लावले होते. तिने हळद आणि हिराबोळ उगाळून दिला आणि वर बजावलं, "माणसाइच्या कानावर घालू नोको. दुखत नाही तं ते दुखणं कायचं?" सत्यभामाने लेप लावला आणि तो कोणाला दिसू नये म्हणून पदर डाव्या गालावर ओढून हनुवटीखाली चिमटीत धरायला लागली. गाठ वाढत गेली तसा पदरही पुढे येत गेला.

आणि गावाने काय केलं? गावाने तिचं कौतुक केलं! लग्नाला पाच-सहा वर्षं झाली की सुनांचे पदर मागे सरकतात, इथे मात्र पुढे येत होता. बाया आपल्या सुनांना सांगायच्या, रंगरावची सून पाहा, मर्यादा कशी असते ते शिका. उकंडराव नावाचा माझा बाजारातला दोस्त होता, बैलांचा दलाल. तो एकदा ओसरीवर चहा पिता पिता मोठ्याने म्हणाला, "इंद्रभान, सून असावी तं अशी. तीन सालं झाले मी या घरी येऊन राह्यलो, गालाचं टोकसुद्धा दिसलं नाही." मी मिशीवरून हात फिरवला. बाबा खूश होऊन खाकरले. माय म्हणाली, "अन् खात्या तोंडाचीबी नाही. अर्धी भाकर दुधात कालवते, झालं तिचं." आत चुलीजवळ ती हे सगळं ऐकत होती. तिला भाकरी चावता येत नव्हती, म्हणून ती कालवत होती.

शेवटी ते उघडं पाडलं बैलानेच. पोळ्याचा दिवस होता. मिरवून आणलेली जोडी दारात उभी होती, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, मी दोन्ही कासरे धरून ऐटीत. सत्यभामा आरतीचं ताट घेऊन पुढे आली, बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. नेमकी तेव्हाच शेजारच्या पोरांनी टिमकी बडवली. बैलाने मान झटकली. पदर शिंगात अडकला आणि सरकन निघून आला.

अर्धा गाव दारात उभा होता. तिच्या डाव्या गालात कोणी कवठ धरून ठेवलं असावं असा तो चेहरा दिसत होता. कातडी ताणून चकचकीत झाली होती. बाबांनी मान फिरवली. सत्यभामाच्या हातात ताट होतं, त्यातला दिवा विझू नये म्हणून तिला हात सोडता येईना, आणि हात सोडल्याशिवाय गाल झाकता येईना. तशीच उभी राहिली ती. मीही तसाच उभा राहिलो, कासरे धरून.

दुसऱ्या दिवशी मी तिला उजेडात बसवलं आणि जबड्यावरून बोट फिरवलं. काठाला कडक हाड लागलं, मधे दाबलं तर पापुद्रा दबल्यासारखं आत गेलं. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगतो: मला बरं वाटलं. मला ओळख पटली होती. बैलाच्या जबड्याला अशीच गाठ येते. मी दोन बैलांच्या गाठी डाग देऊन बसवल्या होत्या आणि त्यातला एक बैल अजून नांगर ओढत होता.

"मेहकरले डॉक्टर हाये," सत्यभामा म्हणाली. "एकदा दाखवाचं का?"

"डॉक्टर कापाचंच सांगन. याच्यातलं मले समजते."

"बैलाचं हाड अन् माणसाचं हाड एकच असते का?"

मी हसलो. काय ते हसू माझं! आजही आठवलं तर थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मायने तिचं डोकं मांडीत दाबून धरलं. मी डागणी चुलीत लाल केली आणि गालावर दोन डाग दिले, आडवा एक आणि उभा एक, बैलाला देतो तसे. ती ओरडली नाही. तिने मायच्या लुगड्याचा बोळा दातात धरला होता, उजव्या बाजूच्या दातांत, कारण डावीकडचे सगळे हलत होते.

आणि काय सांगावं, डाग लागू पडला. लागू पडला असं आम्हाला वाटलं. तिसऱ्या आठवड्यात डाग चिघळून गाल फुटला आणि आतून पिवळसर पातळ पाणी निघालं, वाटीभर. गाठ अर्ध्यावर बसली. मी बाजारात छाती काढून फिरलो. उकंडरावने ही गोष्ट झाडाझाडाखाली सांगितली. लोक म्हणाले, नाहीतरी डॉक्टरला काय कळतं? साखरखेर्ड्याहून कोणी आपली म्हातारी आई घेऊन आला, तिची दाढ सुजली होती. मी तिलाही डाग दिला. तिचं पुढे काय झालं ते विचारायला मी कधी गेलो नाही.

सत्यभामाने पुन्हा पदर ओढला, आता डागांवरून. दीड वर्ष बरं गेलं. निदान माझं तरी बरं गेलं.

मग गाठ परत आली, आणि या वेळी गाठीला जशी घाईच झाली होती. सहा महिन्यांत गाल पहिल्याच्या दुप्पट झाला. जीभ उजवीकडे ढकलली गेली, तोंडात घास धरून बोलल्यासारखे तिचे शब्द जड येऊ लागले. बाहेरची डागलेली कातडी आतल्या हाडाला चिकटून काळी पडली. माय म्हणाली, अजून एक डाग दे. मी डागणी शोधायला उठलोही होतो.

सत्यभामा तेव्हा पीठ मळत होती. ती थांबली. तिने परातीतून काहीतरी उचललं, पाण्याने धुतलं आणि माझ्यासमोर येऊन तळहातावर ठेवलं. दाढ होती. तिची दाढ, मुळासकट गळून पिठात पडलेली.

"घ्या," ती म्हणाली. "पाहा बरं, किती दाती हाये ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने अकोल्याला गेलो आणि तिथून आगगाडीने नागपूरला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर माझ्याच वयाचा होता, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्याने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "बाईंचं वय?"

कोणत्याही बैलाचं वय मी तोंड उघडून सांगतो. माझ्या बायकोचं वय मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"अठ्ठावीस," तीच म्हणाली.

डॉक्टरने बॅटरी लावून तिचं तोंड पाहिलं. किती वेळ पाहत होता! गाल बाहेरून चाचपला, आतून चाचपला, दात एकेक हलवून पाहिला. मग मला म्हणाला, "तुम्हीही पाहा. पुढे काय करायचं ते समजायला सोपं जाईल." मी वाकून पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि तिचं तोंड मी आतून पहिल्यांदा पाहत होतो. डावीकडची हिरडी फुगून जिभेवर आली होती. त्यावर वरच्या दातांचे खळगे पडले होते. एवढं असताना ती जेवत कशी होती, हे मला कळेना.

जबड्याच्या हाडाचे फोटो काढले, गाठीचा तुकडा काढून तपासला. आठवड्याने डॉक्टरने आम्हाला समोर बसवलं. त्याच्या टेबलावर माणसाच्या जबड्याचं खरंखुरं हाड होतं.

"हा कॅन्सर नाही," तो म्हणाला. "ही गाठ अंगात दुसरीकडे पसरत नाही. दात ज्यातून तयार होतात त्याचाच अंश हाडात राहून जातो, त्यातून ही वाढते. हळू वाढते, दुखत नाही, म्हणून लोक येत नाहीत. पण हाड आतून पोखरत जाते. पाणी काढलं की बसल्यासारखी वाटते, नुसती खरवडली तरी परत येते. भोवतालच्या चांगल्या हाडासकट कापावी लागते."

मग त्याने तिच्या गालाकडे बोट केलं. "डाग कोणी दिला?"

मी टेबलावरच्या हाडाकडे पाहू लागलो. सत्यभामा म्हणाली, "गावात एक जण देते."

"त्याच्या आधी आला असतात," डॉक्टरने हाड हातात घेतलं आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने एक छोटी कमान काढली, "तर एवढाच तुकडा काढला असता. ही खालची कड राहिली असती. चेहऱ्याचा आकार या कडेवर असतो. थोडे दात गेले असते, बाहेरून कोणाला कळलंही नसतं." मग पेन्सिल हनुवटीच्या मधोमध टेकवली आणि तिथून थेट कानापर्यंत ओढत नेली. "आता हे सगळं काढावं लागेल. आणि डागलेली कातडी हाडाला चिकटली आहे, तीही."

पेन्सिलीची ती रेघ मी अजून विसरलेलो नाही. त्या कमानीत आणि त्या रेघेत जे अंतर होतं, ते माझं होतं. ते दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. मारून पाहिलं मी, मायच्या, बाबांच्या, दैवाच्या. नाही लागत.

"मी मरीन का?" सत्यभामाने विचारलं.

"नाही. ही गाठ तशी मारत नाही. पण ठेवली तर खाणं बंद होईल आणि पुढे श्वासाला अडेल."

"मंग काढा."

बाहेरच्या बाकावर आल्यावर मी तिला विचारलं, माझं नाव का नाही घेतलं? मला वाटलं होतं, ती म्हणेल, नवऱ्याची अब्रू आहे. मनात कुठेतरी मी तेवढ्याने बरं वाटून घ्यायला बसलो होतो.

"तुमचं नाव घेऊन काय व्हणार व्हतं?" ती म्हणाली. "हाड वापस येते का?"

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि तिला बाहेर आणलं तेव्हा ऊन उतरलं होतं. तीन आठवडे नाकातल्या नळीने दूध. अर्धा जबडा एका बरणीत घालून तपासायला गेला होता. डॉक्टर म्हणाला, जसं सांगितलं तसंच निघालं, कॅन्सर नाही. इतकी चांगली बातमी मी इतक्या वाईट मनाने कधी ऐकली नव्हती.

पट्टी निघाली त्या दिवशी तिने नर्सकडे आरसा मागितला. डावा गाल आत बसला होता, हनुवटी त्या बाजूला सरकली होती, उरलेले खालचे दात वरच्या दातांना भेटत नव्हते. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि तिला ती कळत नव्हती. ती बराच वेळ आरशात पाहत राहिली. रडली नाही. मग आरसा खाली ठेवून म्हणाली, "तुमी पाह्यलं का?" शब्द फुटत नव्हते, दोनदा म्हणावं लागलं.

"पाह्यलं."

"खाली पाहून सांगून राह्यले तुमी."

डॉक्टरने निघताना चिठ्ठी दिली. एक वर्ष गाठ परत आली नाही तर या म्हणाला, कमरेचं हाड घेऊन जबड्याला जोडता येतं का पाहू, चेहरा पुष्कळ सुधारेल. ती चिठ्ठी मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

घरी पोचलो तर ओसरी माणसांनी भरलेली. बाबा होते, उकंडराव होता, आळीतल्या बाया होत्या. सत्यभामा बैलगाडीतून उतरली. पदर खांद्यावर होता. डोकं उघडं, चेहरा उघडा. माय धावत पुढे आली आणि हळूच म्हणाली, "पदर घे वं. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या," ती म्हणाली. तुटक, बोबडं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "झाकून झाकून हे झालं. आता झाकत नाही."

ती सरळ ओसरीवरून, सासऱ्याच्या समोरून, आत गेली. बाबांनी मान खाली घातली. उकंडराव तंबाखूच्या डबीत काहीतरी शोधू लागला. आठ दिवसांत गावात झालं, रंगरावच्या सुनेने लाज सोडली. तीच गल्ली, त्याच बाया. ज्यांनी तिचा पदर आपल्या सुनांना दाखवला होता, त्या आता आपल्या सुनांना तिच्यापासून लांब ठेवू लागल्या. उकंडराव यायचा बंद झाला.

जेवणही बदललं. आता ती शेवटी जेवत नाही. माझं ताट वाढते, आपली वाटी घेते आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, तोंड माझ्याकडे करून बसते. वरणात कुस्करलेला भात असतो. एक घास आत जायला किती वेळ लागतो, ते मी रोज पाहतो. बोटाने गालाला आधार देऊन ती तो मागे ढकलते, थोडा बाहेर येतो, तो पुसते, पुन्हा ढकलते. माझी भाकरी संपते तेव्हा तिची पाव वाटी संपलेली असते. ती संपेपर्यंत मी उठायचं नाही, असं तिने कधी सांगितलेलं नाही.

वर्ष झालं तशी मी चिठ्ठी काढली. पहिल्यांदाच मी तिला नावाने हाक मारली.

"सत्यभामा, नागपूरले जाऊ. डॉक्टर हाड बसवून देतो म्हणे. चेहरा सुधरन."

ती घास ढकलत होती. गिळला, पुसलं.

"काऊन? तुमाले पाह्यल्या जात नाही म्हणून?"

"तुह्यासाठी म्हणतो मी."

"माह्यासाठी म्हणाचं साल निघून गेलं," ती म्हणाली. "शेतात पाणी घेऊन आलती मी, त्या साली म्हणाचं व्हतं."

तो दिवस तिला आठवतो हे मला माहीत नव्हतं. मी चिठ्ठी तशीच हातात धरून बसलो. तिने पुढचा घास घेतला, बोट गालाला लावलं, आणि मी मान खाली घातलेली पाहून थांबली.

"वर पाहा," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.